बारदान

रद्दीवाला नेमका डोळा लागायच्या वेळी येतो. परवाही आला. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून मी गठ्ठा खाली ओढला आणि सवयीनं आधी हातानंच जोखला. आठ किलो तरी असावा. त्याच्या काट्यानं सहा किलो नऊशे दाखवले.

"भिया, इलेक्ट्रॉनिक है, धर्मकाँटा समझो."

ट्रक तोलतात त्या काट्याला आमच्याकडे धर्मकाँटा म्हणतात. आबांना, म्हणजे आजोबांना, तो शब्दच आवडायचा नाही. काट्याला धर्म असता तर पाटीवर लिहावं लागलं नसतं, म्हणायचे.

आबा सियागंजात किराणा आणायला जाताना पिशवीत स्वतःचं वजन न्यायचे. किलोचं, लोखंडी, षटकोनी, बुडाशी शिशाचा गोल ठिपका आणि त्यावर शिक्का. "माझ्या वजनानं तोल," असं ते दुकानात शिरतानाच सांगत. मी शरमेनं गुळाच्या भेल्यांमागे लपायचो. गूळवाला मात्र कधी कुरकुरला नाही. उलट "लाओ आबासाहेब" म्हणत हात पुढे करायचा. मला तो फार सज्जन वाटे.

गठ्ठा सोडताना 5 जुलै 2012 चा पेपर निघाला. देवकण, म्हणजे हिग्ज बोसॉन, सापडल्याची बातमी. ती जपून ठेवायचं कारण शेजारचे काका. ते कॅटमध्ये, म्हणजे इथल्या प्रवेगक आणि लेसरच्या सरकारी संशोधन केंद्रात होते. त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन आले, जणू हिग्ज बोसॉन त्यांच्याच घरी जन्मला होता. तसा थोडा हक्क होताच. हा कण जिथे सापडला, त्या जिनिव्हाजवळच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यातले मोठे चुंबक ज्या जॅकवर टेकलेत, ते सात हजारांवर जॅक भारतातून गेले आणि ते काम इथल्या कॅटनं सांभाळलं. एकेक चुंबक 35 टनांचा, तीन जॅकवर उभा, आणि जागेवर बसवायचा तो केसाच्या जाडीइतकंही न चुकता.

आबा तेव्हा नव्वदीला टेकले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "35 टन कुठे तोलले?"

काका चिकाटीचे. त्यांनी सांगितलं की विश्वभर एक क्षेत्र पसरलंय, हिग्जचं; हा कण त्याचीच खूण. इलेक्ट्रॉन, क्वार्क यांचं त्याच्याशी नातं जुळतं म्हणून त्यांना वस्तुमान. प्रकाशाचा कण त्याला ओळखच दाखवत नाही, म्हणून त्याची पाटी कोरी. 1964 सालीच हे कागदावर मांडून झालं होतं, कण हाती लागायला 48 वर्षं गेली. वजन वेगळं आणि वस्तुमान वेगळं, हेही त्यांनी घातलं मध्ये. "मला गूळ घ्यायचाय," आबा म्हणाले.

पण पुढचं ऐकून ते सावरून बसले. प्रोटॉनचं वस्तुमान 938 मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यातल्या तीन क्वार्कांची बेरीज केली तर जेमतेम 9. हिग्जची देणगी एवढीच.

"म्हणजे किलोत दहा ग्रॅम माल, आणि बाकी बारदान?"

"बारदान नाही आबा, धांदल. आतले क्वार्क पळताहेत, ग्लुऑन त्यांना धरून ठेवताहेत. त्या ओढाताणीची ऊर्जा तेवढं वस्तुमान भरते."

आबा बराच वेळ पेढ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मी आयुष्यभर दुकानदारांशी भांडलो."

ही बातमी काही मी रद्दीत घातली नाही. पान काढून घेतल्यावर पुन्हा तोलायला लावलं, आकडा तोच.

तेवढ्यात रद्दीवाल्याची नजर दाराकडे गेली. आबांचं वजन गेली कित्येक वर्षं तिथे दाराला अडण म्हणून असतं. मलाच हुक्की आली, म्हटलं ठेव काट्यावर.

नऊशे अडुसष्ट.

उलटून पाहिलं. शिशाच्या जागी नुसता खळगा. शिसं कधी गळलं, देव जाणे. दाराशी घासून घासून परवा-तेरवा गळलं असेल. किंवा सियागंजच्या त्या दिवसांतच. "लाओ आबासाहेब" म्हणत पुढे आलेला तो हात मला एकदम स्वच्छ आठवला.

"लोहे के भाव ले लूँ?" रद्दीवाल्यानं विचारलं.

नको, म्हटलं. दुपारी वारा सुटतो, दार आपटतं.