थ्रीडी पट लावताय? आधी कॅमेरा वर घ्या

बुद्धिबळाची स्पर्धा होते रेक्झिनच्या पटावर आणि सराव चालतो मोबाइलच्या सपाट चित्रावर. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं अशीच तयार होतात. मग खऱ्या पटावर बसलं की लांबचा कर्ण सुटतो. ए१ या कोपऱ्यातल्या घरावरचा उंट थेट समोरच्या कोपऱ्यातल्या एच८ वर रोखलेला आहे हे ध्यानातच येत नाही. हा फरक कमी करायला सॉफ्टवेअरमधला थ्रीडी पट कामाचा आहे, पण जसा उघडतो तसा नाही. कॅमेरा खाली, पटाला संगमरवरी चकाकी, काळ्या सोंगट्यांवर दिव्यांची प्रतिबिंबं. दिसायला झकास, खेळायला निकामी.

सगळा खेळ कोनाचा आहे. ज्वारी राखायला शेतात माळा उंच का बांधतात? जमिनीवरून पुढचं ताट मागचं झाकतं म्हणून. पटावर तेच होतं. स्पर्धेतला राजा साधारण ९.५ सेंमी उंच आणि घर ५.५ सेंमीचं धरा. नजर पटाशी ३० अंशांत असेल तर राजामागचं १६.५ सेंमी, म्हणजे पुरती तीन घरं झाकली जातात. ४५ अंशांत पावणेदोन घरं, ६० अंशांत एक. खुर्चीत बसल्यावर आपली नजर ४५च्या आसपासच असते, मग तिथे का भागतं? कारण दोन डोळे असतात आणि मान हलते. स्क्रीनवर कॅमेरा एकच, तोही खिळलेला. म्हणून स्क्रीनवरचा कोन खऱ्यापेक्षा जास्त लागतो: ५५ ते ६०.

त्याहून वर नेऊ नका, कारण तिथे वेगळीच अडचण आहे. वजीर ८.५ सेंमी आणि उंट ७, म्हणजे फरक मुळात दीड सेंमीचा. १५.६ इंची लॅपटॉपवर पट जेमतेम १८ सेंमी रुंद मावतो आणि ६० अंशांतून उंची निम्मीच दिसते. दीड सेंमीचे उरतात ३ मिलिमीटर. ७०च्या पुढे गेलात तर नुसती गोल टोपणं दिसतात. म्हणून सोंगट्या साध्या स्टाँटन घाटाच्याच, म्हणजे स्पर्धेत असतात तशाच निवडा: वजिराचा कंगोरेदार मुकुट, उंटाच्या डोक्यावरची खाच. नक्षीदार, ऐतिहासिक संच पाहुण्यांना दाखवायला ठेवा. घोडा पाठमोरा असला की घाईत उंट वाटतो. तोंड बाजूला वळवायची सोय असेल तर वळवा.

बाकी सेटिंग पटकन. प्रतिबिंबं बंद. सावली एकाच दिव्याची आणि फिकट, नाहीतर काळ्या घरातला काळा हत्ती सावलीत विरघळतो. पट आणि सोंगट्या एकाच लाकडाच्या रंगाच्या नकोत. अँटी-एलियासिंग, म्हणजे कडांचा खडबडीतपणा घालवणारी सोय, 4x पुरे. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान दिसणं, कमी करता येत असेल तर करा, म्हणजे आठवी ओळ आक्रसत नाही. घरांची अक्षरं-आकडे सुरुवातीला ठेवा, आठवड्याने काढा. रेक्झिनच्या पटावर ते असतात, पण लाकडी पटावर असतीलच असं नाही.

चुकीची चाल पडण्याचं मुख्य कारण क्लिकची जागा. जी१ वरच्या राजाचं डोकं स्क्रीनवर जी२ च्या घरावर टेकलेलं दिसतं. काही प्रोग्रॅम माऊसच्या टोकाखालची सोंगटी धरतात, काही टोकाखालचं घर. डोक्यावर क्लिक केलं तर पुढचं प्यादं उचललं जातं. नेहमी बुडावर क्लिक करा, आणि ओढत नेण्यापेक्षा ‘इथे क्लिक, तिथे क्लिक’ पद्धत ठेवा.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर थ्रीडी पट फुकट आहे. वेबसाइटवर आपल्या नावाच्या मेनूत पटाच्या सेटिंगमध्ये मिळतो. पण तिथला कोन ठरलेला, कॅमेरा फिरत नाही. फिरवायचा असेल तर फ्रिट्झसारखं संगणकावरचं सॉफ्टवेअर लागतं. मॅकवर ‘चेस’ सोबतच येतं. विंडोज ७ मधलं ‘चेस टायटन्स’ अनेकांना आठवत असेल. विंडोज ८ पासून ते गेलं.

आता उन्हाळ्याचं. भुसावळात पारा ४५ला टेकतो तेव्हा लॅपटॉपचा पंखा आधीच बोंबलत असतो. स्टॉकफिश हे चाली शोधणारं इंजिन प्रोसेसरवर चालतं, थ्रीडी चित्र ग्राफिक्सवर. पण साध्या लॅपटॉपात दोन्ही एकाच चिपमध्ये असतात आणि तापल्यावर चिप स्वतःच वेग घटवते. तपासायचं असं: एकच स्थिती मिनिटभर टूडीत लावा, इंजिन सेकंदाला किती स्थिती तपासतं तो आकडा टिपा, मग थ्रीडीत तेच करा. दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर चित्र सेकंदाला ३० फ्रेमवर आणा आणि चार कोअरपैकी इंजिनाला दोनच द्या. लीला हे दुसरं इंजिन वापरत असाल तर आणखी जपा. ती ग्राफिक्स कार्डावरच विचार करते, म्हणजे थेट भांडण. इन्व्हर्टरवर असताना तर टूडीच बरं.

खरं तर थ्रीडीवर खेळताना इंजिनाचं विश्लेषण बंदच हवं. ओपनिंगची म्हणजे सुरुवातीच्या चालींची पाठांतरं, कोडी, ब्लिट्झ म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, हे सगळं टूडीवर. थ्रीडी फक्त लांब डावांसाठी, स्पर्धेआधीचे दोन आठवडे, आणि त्यातही काळ्या बाजूने जास्त. उलट्या बाजूने कर्ण वाचायची सवय तिथेच कच्ची राहते. घरात रेक्झिनचा पट असेल तर स्क्रीनवरची प्रत्येक चाल हातानेही मांडा. पट कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवलात तर माऊस आड येत नाही.