कोंबडीखत, मका आणि आमची विहीर

भात कापल्यावर कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, मका लावायचा हे आमचं तिसरं वर्ष. गुहागरकडची आमची जमीन जांभ्याची, पाणी सोडलं की डोळ्यासमोर खाली जातं, आणि मार्चनंतर विहिरीला पाणी कमी, त्यामुळे खत कुठलं आणि किती यापेक्षा पाणी कधी मिळणार हेच आधी बघावं लागतं.

पहिल्या वर्षी पोल्ट्रीतून आणलेलं ताजं खत तसंच सरीत टाकलं आणि त्याच आठवड्यात मोटर बिघडली. चार दिवस पाणी नाही. रोपांच्या पानांची टोकं तपकिरी होऊन आत वळली, हातात घेतली की कुरकुर तुटायची, फार वाईट वाटलं. या खतात नत्र शेणखतापेक्षा बरंच जास्त, ताजं असताना त्याचा अमोनिया होतो, क्षारही असतात, आणि ओल नसली की सगळा मार मुळांवर.

आता पावसाळ्यातच ढीग लावते, वर ताडपत्री, मध्ये भाताचा पेंढा, दोन-तीनदा उलथापालथ. डिसेंबरपर्यंत वास जातो, खत काळं भुसभुशीत होतं. ते पेरणीआधी पंधरा दिवस मातीत मिसळते. दोन पाण्यांमधलं अंतर वाढलं तरी आता माती मुठीत दाबली की गोळा होतो, आधी व्हायचा नाही.

पण एक सांगते, तुरा आणि कणसाला केस येतात ना, तेव्हा पाणी चुकवू नका, तिथे ताण बसला तर दाणे भरत नाहीत, खत कितीही घाला. यंदा मी सुरुवातीचं एक पाणी लांबवलं आणि ते तेव्हासाठी राखून ठेवलंय.