डायपर बॅग घेताना मी घातलेला घोळ

डोहाळजेवणाला नणंदेने एक बॅग दिली होती. बेबी पिंक, पुढे टेडी, हातात धरायची. मला इतकी आवडली की बाळंतपणाला सांगलीला माहेरी जाताना तीच भरून नेली. आई बघून म्हणाली, "अगं ही तर तुझी बालवाडीतली डब्याची पिशवी मोठी केल्यासारखी दिसतेय." मला राग आला तेव्हा.

सहा आठवड्यांच्या लसीला गेलो आणि आईचं म्हणणं पटलं. ओपीडीत पाऊण तास बसलो आणि नेमका आमचा नंबर पुकारल्यावर चिरंजिवांनी शी केली, ती पण अशी की डायपरमधून वर पाठीपर्यंत (ज्यांना मुलं आहेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते). बदलायला टेबल वगैरे काही नाही. बाकावर दुपटं टाकलं, बाक अरुंद म्हणून एक हात बाळावर, आणि दुसऱ्या हाताने चेन ओढतेय तर चेनबरोबर अख्खी बॅगच माझ्याकडे सरकत येतेय. कशीबशी उघडली तर आत एकच मोठा कप्पा, काळं अस्तर, त्यात काही दिसेना, वाइप्स तळाला आणि वर लसीची फाइल दुमडून बसलेली. शेवटी आईने बॅग सरळ बाकावर पालथी केली. बाकीच्या बाया आपापल्या बॅगेतले टिश्यू काढून द्यायला लागल्या, डोळ्यात पाणीच आलं माझ्या.

मग रात्री दूध पाजताना तीन-साडेतीनला मोबाइलवर शोध सुरू. त्या वेळी घेतलेला कुठलाच निर्णय धड नसतो हे आता कळतंय. दुसरी बॅग मागवली ती पाठीवरची, अठरा कप्पे, बाहेर यूएसबीचं होल (त्याला पॉवर बँक आपलीच लावायची असते, नुसती वायर असते ती), आणि मागून उलगडला की बाळाचा बेड होतो म्हणे. तो बेड मी एकूण दोनदा उलगडला. परत घडी घालायला दोन माणसं लागतात आणि तो उलगडला की बॅगेतलं सामान काढताच येत नाही, कारण सामान त्याच्या खाली! रिकामी असतानाच ती जड लागायची म्हणून नवऱ्याने रद्दीवाला आला तेव्हा त्याच्या काट्याला अडकवून बघितली, एक किलो तीनशे. रद्दीवाला विचारतो, "देऊन टाकताय का ताई?" तोपर्यंत रिटर्नची मुदत संपली होती, नाहीतर खरंच...

त्यात तिला स्ट्रॉलरला अडकवायचे हुक होते. मला तेव्हा हुकचं फार कौतुक. पण पुण्यात आमच्या भागात फुटपाथवर स्ट्रॉलर चालवायचा म्हणजे सर्कस आहे, आणि मॉलमध्ये एकदा अडकवली तर बाळाला उचलल्याबरोबर मागच्या वजनाने स्ट्रॉलर उताणा. बाळ हातात होतं म्हणून बरं. तेव्हापासून हँडलला जड काही लावत नाही.

मग डोकं जरा ठिकाणावर आणून विचार केला की आपण जातो कुठे आणि कसे? तर स्कूटर, रिक्षा, आणि दीड-दोन महिन्यातून एकदा कोयना एक्सप्रेसने सांगली. स्ट्रॉलर, विमान, कारची डिकी हे सगळं जाहिरातीतलं. स्कूटरवर बॅग पुढच्या हुकला लटकते, म्हणजे वर हातात धरायचा पट्टा पाहिजे, आणि नवऱ्याचे पाय मावतील एवढीच रुंद पाहिजे. हे कोणी लिहीतच नाही. आणि नवरा उचलणार असेल तर त्याला टेडीची बॅग देऊन चालत नाही, म्हणजे तो उचलतो बिचारा, पण पट्टे त्याच्या खांद्याला पुरले पाहिजेत ना. (सासूबाईंचं मत, पुरुषाने कशाला उचलायची. त्यावर मी काही बोलत नाही इथे.)

तिसऱ्या वेळी दुकानात गेलो आणि बाळ कडेवर घेऊनच बघितल्या. कडेवर बाळ, एका हाताने चेन उघडते का? तोंड उघडंच राहतं का, की पोत्यासारखं मिटतं? अस्तर फिकट आहे का? एकीला वेलक्रो होतं, मी ते उघडलं तसं खर्रकन् आवाज झाला आणि झोपलेलं बाळ दचकून उठलं, ती तिथेच बाद. दुकानदार चंदेरी अस्तराचा बाटलीचा कप्पा दाखवत होता, "मॅडम दूध थंड राहतं यात." त्याने थंडपणा जरा जास्त टिकतो इतकंच, आत आइस पॅक नसेल तर काढून ठेवलेलं दूध साध्या खोलीत जेमतेम चार तास, आणि आमच्याकडच्या एप्रिलमध्ये तेवढंही मी धरत नाही.

शेवटी घेतली ती साधी राखाडी सॅक, साधारण वीस लिटरची, रिकामी पाऊणेक किलो. आत चारच कप्पे. बाहेरून चपटा एक, त्यात लसीचं कार्ड. बाजूला एक, त्यात वाइप्स, चेन न उघडता हात जातो. तीन-चार तासांना चार डायपर, दोन झबली, टोपडं, दुपटं, घाणेरडे कपडे घालायला चेनवाली पिशवी, आणि माझा स्वतःचा एक कुर्ता. हा कुर्ता विसरू नका, ट्रेनमध्ये साताऱ्याला बाळाने अंगावर उलटी केली आणि मी सांगलीपर्यंत ओढणी गुंडाळून बसले होते.

बॅगेबरोबर आलेली चेंजिंग मॅट मात्र काढून टाकली, कडक होती आणि पाय मारला की सरकायची. त्याऐवजी आईने मेणकापडाचा हातभर तुकडा कापून दिला, त्यावर जुन्या साडीचं दुपटं. पुसलं की झालं, गुंडाळलं की मुठीएवढं होतं, ट्रेनच्या सीटवर, दवाखान्यात, कुठेही.

पिंक बॅगेत आता घरातली औषधं असतात. अठरा कप्प्यांची नवऱ्याने ऑफिसला नेऊन बघितली, दोन दिवसांनी परत आणली, म्हणाला लॅपटॉपची चार्जर कुठल्या कप्प्यात गेली सापडत नाही.