खाकी कागद निघाला, निम्मा

मंडळी, खाकी कागद निघाला! अख्खा नाही, वरचा निम्माच. पण दोन महिने ज्याच्यासाठी अडून बसलो होतो ते मुखपृष्ठ एकदाचं उजेडात येतंय.

मंगळवार बाजारात घेतलेल्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातली ही रहस्यकथा. पुस्तक हातोहात फिरायचं, म्हणून वाचनालयाने मुखपृष्ठावरच जाड खाकी डकवलेला. पुस्तक टिकलं, चित्र गाडलं गेलं. मागे किटलीची वाफ दिली तेव्हा खालच्या कोपऱ्यातला वाटाण्याएवढा लाल रंग उडाला. चूक माझीच. मुखपृष्ठ आर्ट पेपरचं. त्याचा खडूसारखा थर ओल लागली की सुटतो आणि रंगासकट निघून येतो.

या वेळी आधी कण्याजवळची खपली खरवडून तिच्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. निळीकाळी झाली! म्हणजे पिठाची खळ. जीव भांड्यात पडला. खळ पाण्याने सुटते, फक्त पाणी अगदी हळू पोचलं पाहिजे. म्हणून मिथाइल सेल्युलोजचं जेल (या पुडीचं जेल पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं), 100 मिली पाण्याला 4 ग्रॅम. आधी थोड्या गरम पाण्यात भिजवून मग गार पाणी घाला. गरमात पूड नुसती सुटी होते, विरघळते गारातच; थेट गारात टाकली तर गुठळ्या. प्रयोगशाळेचा माल ठेवणाऱ्या दुकानातूनच घ्या. मी ऑनलाइन मागवलेली पुडी वॉलपेपरच्या गोंदाची निघाली, आत बुरशीनाशक. तसलं पुस्तकाला लावायचं नाही.

सोलापूरच्या मे महिन्यात जेल बघता बघता सुकतं. म्हणून पहाटे पाचला, पंखा बंद करून, ते खाकीवर लावून, वर प्लास्टिक टाकून दहा मिनिटं ठेवलं. मग खाकी मागे दुमडून आडवा, केसाकेसाने ओढत गेलो. पिवळं आकाश आलं, मग कंदील धरलेला हात. भिंगाखाली प्रत्येक ठिपक्याला शाईची गडद कड दिसते: ब्लॉकची (धातूच्या उठावदार ठशाची) छपाई, सपाट प्लेटची ऑफसेट नव्हे.

मध्यावर तिरकी चढत गेलेली सही आहे, तिचं शेवटचं 'कर' तेवढं मोकळं झालंय. मन चित्रकार रघुवीर मुळगावकरांकडे (1918–1976) धावतंय, पण नुसत्या 'कर'वर मी नाव लावणार नाही.

उरलेला निम्मा उद्याच काढणार होतो आणि पुस्तक बाइंडरकडे देणार होतो. पण हे लिहिता लिहिता आठवलं, वाफेच्या वेळी फाटलेला खाकीचा कोपरा डब्यात ठेवलाय. आत्ताच उठून पाहिला. तो लाल तुकडा त्यालाच उलटा चिकटलेला आहे, अख्खा! बाइंडर राहू दे. उद्या पहाटे आधी हा तुकडा सोडवतो.