त्रसातच्या ५६१ पायऱ्या आणि तिथे नसलेला ड्यूक

आजच्या फ्रान्स-जर्मनीवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांचा, ईशान्य इटलीतल्या फ्रिउली प्रांतावरचा ड्यूक एरिक इ.स. ७९९ मध्ये जिथे मारला गेला ती जागा पाहायची असेल, तर क्रोएशियातल्या रियेका शहरात त्रसातचा किल्ला चढू नये. आम्ही चढलो, तेही पाठीवर सामान घेऊन आणि पावसात.

घोटाळा नावांमुळे झाला. लिबुर्निया, म्हणजे इथल्या किनारपट्टीच्या जुन्या प्रांतातल्या, तार्सातिका नगराजवळ तिथल्या रहिवाशांनी दबा धरून एरिकला मारले, अशी फ्रँकांच्या इतिवृत्तात नोंद आहे. तार्सातिकावरून त्रसात आणि फ्रँकांवरून किल्ल्याचे मालक फ्रँकोपान, अशी साखळी आम्ही घरी बसून जुळवली होती. प्रत्यक्षात फ्रँकोपान हे क्र्क बेटावरचे सरदार, एरिकनंतर काही शतकांनी उदयाला आलेले. त्यांनी आपले नाते रोमच्या फ्रान्जिपानी घराण्याशी सांगितले आणि त्या नावाचा अर्थ ‘भाकरी मोडणारे’ असा लावतात. फ्रँकांशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

पायऱ्या ५६१ आहेत. वरच्या मारियामातेच्या देवळाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी कप्तान पेतार क्रुझिच याने १५३१ मध्ये त्या बांधायला घेतल्या. गड चढायची सवय असलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, मलाही वाटला होता. पण झिजून गुळगुळीत झालेल्या दगडावर पाणी वाहत असताना प्रत्येक पाऊल चाचपून टाकावे लागते आणि निम्म्या वाटेवर पोटऱ्या बोलू लागतात. एरिकचा मित्र, अक्विलेयाचा धर्मगुरू पाउलिनुस, याने आपल्या विलापगीतात एरिक पडला त्या डोंगरावर कधी दव किंवा पाऊस पडू नये, असा शाप दिला आहे. रियेकात बारमाही पाऊस असतो. शाप लागलेला दिसत नाही.

वर एरिकच्या नावाची साधी पाटीही आम्हाला आढळली नाही. आढळले ते एकोणिसाव्या शतकात लावाल नुजेंट या सेनानीने अंगणात उभारलेले ग्रीक धाटणीचे समाधिमंदिर. उतरताना टॅक्सी केली, तर दहा मिनिटांचेही अंतर नसताना चालकाने २० युरो घेतले. वर शहर बस जाते, हे खाली आल्यावर कळले.

रोमन तार्सातिका खाली, कोर्झो या मुख्य रस्त्यालगतच्या जुन्या गावात होती. तिथे रोमन लष्करी ठाण्याचे पाये उघड्यावर आहेत आणि जवळच घरांच्या भिंतींत अडकलेली दगडी कमान आहे. भिंत गुडघ्याएवढी, सांध्यांत शेवाळ, बाजूला सायकल टेकवलेली. इथे मात्र मी अर्धा तास रेंगाळलो. स्ट्रासबुर्गकडून आलेल्या एरिकने सरहद्दीवर बसून पूर्वेकडच्या आवार या घोडेस्वार टोळ्यांवर डोळा ठेवला, स्लाव्ह सरदार वोनोमिरच्या मदतीने त्यांच्या ‘वलय’ नावाच्या तटबंद मुख्य तळाची लूट केली आणि ती फ्रँक राजा शार्लमेनकडे आखेनला पाठवली. तो खजिना १५ गाड्यांतून, प्रत्येकी ४ बैल जुंपून, आला असे एक इंग्लिश इतिवृत्त सांगते. एवढे करून हा माणूस मेला तो आवारांच्या हातून नव्हे, तर एका किनारी गावाच्या लोकांच्या हातून. फ्रँकांआधी इटलीवर लोंबार्ड लोकांचे राज्य होते; ७७६ मध्ये त्यांच्यातल्या ड्यूक रोटगाउदचे बंड मोडून फ्रँकांनी फ्रिउलीत आपली माणसे बसवली, पण जम बसणे वेगळे. ८२८ मध्ये बाल्डरिक या ड्यूकला हटवून प्रांताचे ४ तुकडेच करावे लागले.

इटलीत, एरिकच्या राजधानीत, चिविदालेत आमचे दोन दिवस सुखाचे गेले, त्यामुळे सांगण्यासारखे थोडेच आहे. फ्रँक शोधायला जाऊ नका, तिथले सगळे वैभव लोंबार्डांचे आहे. राचिस या लोंबार्ड ड्यूकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेदीवरच्या देवदूतांचे पंजे चेहऱ्याहूनही मोठे कोरले आहेत, ते जवळ जाऊन पाहा.

उदिनेहून चिविदालेला छोटी रेल्वे जाते. त्रिएस्तेहून रियेकाची बस स्लोव्हेनियातून जाते. तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, तरी सीमेवर तपासणी होऊ शकते, तेव्हा पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकू नका. रियेकात सामान बसस्थानकाजवळच कुठेतरी ठेवा आणि पायऱ्यांकडे वळण्याआधी जुने गाव पाहून घ्या.