गाडी थांबली की सिनेमा सुरू

‘स्पीड’मध्ये (१९९४) लॉस एंजेलिसच्या एका सिटी बसखाली बॉम्ब लावलेला असतो. वेग ताशी ५० मैलांवर गेला की बॉम्ब जागा होतो आणि त्यानंतर वेग ५०च्या खाली आला की फुटतो. ५० मैल म्हणजे साधारण ८० किलोमीटर. आता कशेडी घाटातून धापा टाकत चढणारी आपली लालपरी डोळ्यांपुढे आणा. बॉम्ब बिचारा झोपेतच खेड स्टँडला लागेल!

तिथे सगळी भीती गाडी थांबण्याची. विनोदी बसपटांत मात्र गाडी थांबल्याशिवाय काही घडतच नाही. ‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) घ्या. १९६६च्या ‘मद्रास टू पाँडिचेरी’ या तमिळ चित्रपटावर बेतलेला. ड्रायव्हर राजेश, कंडक्टर खन्ना. म्हणजे त्या काळच्या सुपरस्टारची सरळ दोघांत वाटणी. नायिकेच्या जिवावर गुंड उठलेत, अमिताभ तिला वाचवायला गाडीत आहे, सगळं खरं. पण लक्षात कोण राहतं? भज्यांसाठी भोकाड पसरणारं ते गुबगुबीत पोरगं. किशोरकुमार तर चक्क किशोरकुमार म्हणूनच गाडीत चढतो, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

अशा गाड्या अमेरिकेतही होत्या म्हणा. ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये (१९३४) अख्खी बस गाऊ लागते, ड्रायव्हरही त्यात सामील होतो आणि गाडी थेट खड्ड्यात. बापाच्या पैशात लोळलेली नायिका तोवर एका फटकळ बातमीदाराच्या शेजारी येऊन बसलेली असते. ‘चोरी चोरी’ आणि ‘दिल है के मानता नहीं’ याच गोष्टीवर उभे राहिले. बसमध्ये शेजारी निवडता येत नाही, एवढ्या भांडवलावर तीन सिनेमे!

मराठीत हा मान ‘नवरा माझा नवसाचा’चा (२००४). मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी, आणि पोटात नवसाचं अवघड गुपित घेऊन बसलेलं जोडपं. पण गाडी खरी चालवतो तो अशोक सराफांचा कंडक्टर. दुसरा भाग २०२४ साली आला, तो कोकण रेल्वेतून, आणि सराफ झाले टीसी. मला ही बढती काही रुचली नाही. टीसी तिकीट बघतो आणि पुढच्या डब्यात जातो. कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरून ज्याच्याशी भांडण झालं, त्याच्याबरोबरच शेवटच्या थांब्यापर्यंत जावं लागतं.