आमची वाटचाल : सीईटीचा रकाना आणि आमचे तीस प्रश्न

२०१३ ला कोल्हापुरात उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या माळ्यावर आम्ही दोघांनी सुरुवात केली, फाउंड्रीवाल्यांसाठी, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्यांसाठी, स्टॉक आणि डिलिव्हरी चलनाचं सॉफ्टवेअर. पुढं काम वाढलं तसं पोरं घ्यायला लागलो, पण निवडायची कशी ते काय माहीत नव्हतं, म्हणून फॉर्मवर एक रकाना टाकला, सीईटी स्कोर, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी राज्य सरकार घेतं त्या परीक्षेचे मार्क. पार्टनरचं म्हणणं, सरकारनं फुकटात चाळणी लावून दिलीय, वापरा की.

मी जोडीला रीझनिंगचा पेपर काढला, तीस प्रश्न, एक तास. सगळे आमच्याच धंद्यातले. म्हणजे तीन भट्ट्या, पाच हीट (एका वेळी वितळवलेला माल म्हणजे एक हीट), ह्या हीटचं कास्टिंग रिजेक्ट झालंय, ती पहिल्या पाळीतली नाही, तर कुठल्या भट्टीचा माल थांबवायचा, असले. काही वर्षांनी सहज सीईटीचे आणि आमच्या पेपरचे आकडे एक्सेलमधे शेजारी घालून आलेख काढला तर ठिपके अंगणात मूठभर ज्वारी फेकल्यासारखे, कशाचा कशाला मेळ नाही.

मग लक्षात आलं की रकान्यातच घोळ आहे. २०१४ आणि २०१५ ला इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेनवर, म्हणजे देशपातळीवरच्या परीक्षेवर झाले, २०१६ ला सीईटी परत आली, २०१९ पासून मार्कांऐवजी पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली किती पोरं तुमच्या मागं, आणि आम्ही शेर, किलो, पायली सगळं एकाखाली एक लिहून बेरीज मांडत होतो. ते बाजूला करून फक्त पर्सेंटाइलवाले घेतले तरी फार फरक नाही. कारण ९९ वाला पुण्याच्या सीओईपी नाहीतर मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नावाजलेल्या कॉलेजला जातो, तो आमच्या माळ्यावर कशाला येतोय? आमच्याकडं येणारी सगळी एकाच पट्ट्यातली. तालमीत एकाच वजनगटाचे मल्ल उभे केले तर वजन बघून कुस्ती कोण मारणार हे सांगता येतं का, तसलंच हे. सगळ्या राज्यातली पोरं घेतली असती तर दोन्ही आकडे बरेच जुळले असते असं मला वाटतं.

शिवाय सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, चुकलं तरी मार्क कापत नाहीत, तिथं हात चालायला लागतो. आमच्यात थांबून विचार करावा लागतो.

एक मुलगी आलेली, डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला गेलेली, सीईटी दिलीच नव्हती, रकान्यात आडवी रेघ. पार्टनरनं फॉर्म गठ्ठ्याच्या तळाला सारला. तिनं पेपरच्या मागं पेन्सिलीनं भट्ट्यांचे चौकोन काढले, खोडले, परत काढले आणि उठून म्हणाली, "सर, सतराव्याला दोन उत्तरं येतायत."

येत होती. इतकी वर्षं आम्ही एकच बरोबर धरून पोरांचे मार्क कापले होते, म्हणजे माझा एक्सेलही गेला.

आता पेपर तीच काढते. सीईटीचा रकाना अजून फॉर्मवर आहे, पार्टनर म्हणतात झेरॉक्सचं बंडल संपूदे, मग बघू.